गुडघा वाचवायचा तर आधी उतरायला शिकवा

उडी मारून चेंडू घेतला, खाली आली आणि बसलीच. आसपास कोणी नव्हतं. पंधरा वर्षांची मुलगी, सरावाचा शेवटचा पाव तास, बास्केटबॉलच्या रिंगखालचा नेहमीचा रिबाउंड. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते, तरी 'टप्प' असा आवाज मला ऐकू आला. वाटलं, चेंडूच कुठे आदळला असेल. ती गुडघा दोन्ही हातांनी धरून मागे वळून बघत होती. "ताई, कोणी लाथ मारली मला?"

कोणीच मारली नव्हती. दोन तासांत गुडघा टम्म सुजला आणि पुढच्या आठवड्यात एमआरआयमध्ये गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट पूर्ण तुटल्याचं दिसलं. त्या काळी आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा, मग गोल करून उभ्याउभ्या स्ट्रेचिंग आणि गप्पा. मी तो वर्षानुवर्षं तसाच घेत आले, कारण मलाही तसाच शिकवला गेला होता. त्यानंतर जे वाचलं, फिजिओंकडून शिकले आणि मैदानावर वापरून पाहिलं, ते इथे क्रमाने मांडते. अकरा-बारा ते अठरा वर्षांच्या मुलींना फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन असा उड्यांचा किंवा झटक्यात वळण्याचा खेळ शिकवणाऱ्यांसाठी हे आहे. पालकांनी वाचलं तर उत्तमच.

नेमकं काय तुटतं, आणि मुलींचंच का

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारी दोन लिगामेंट फुलीसारखी एकमेकांना ओलांडून जातात. त्यातलं पुढचं ते अँटीरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मैदानावरच्या भाषेत एसीएल. लांबी जेमतेम 3 सेंटिमीटर. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि गुडघ्याला पीळ बसू द्यायचा नाही, हे त्याचं काम. खेळाडू वेगात थांबते, वळते किंवा एका पायावर उतरते तेव्हा त्याची कसोटी लागते. एसीएलच्या दुखापतींत साधारण 70 टक्के वेळा गुडघ्याला दुसऱ्या खेळाडूचा धक्का लागलेलाच नसतो.

अशा दुखापतींचे व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिले की चित्र जवळपास ठरलेलं दिसतं. पाऊल जमिनीत रोवलेलं, गुडघा जवळजवळ सरळ, सगळं वजन त्या एकाच पायावर, धड त्याच बाजूला कललेलं आणि गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे पडलेला. पाय टेकल्यापासून लिगामेंट तुटायला सुमारे 40 मिलिसेकंद लागतात. पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ जातो. म्हणजे त्या क्षणी विचार करून गुडघा सावरणं कोणालाच शक्य नाही, आणि बाहेरून "सांभाळ!" म्हणून ओरडण्याला तर काही अर्थच नाही. शरीराने तो आधीच सावरून धरलेला असावा लागतो. ते फक्त सवयीने होतं.

फुटबॉल आणि बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या दोन ते तीन पट होते. लहानपणी हा फरक नसतो, वयात येताना सुरू होतो. उंची झपाट्याने वाढते, हाडं लांब होतात, वजन वाढतं. मुलांमध्ये त्याच सुमाराला स्नायूंची ताकदही भराभर वाढते. मुलींमध्ये ती आपोआप तेवढी वाढत नाही. तरफ लांब झाली, ओढणारे हात तेवढेच राहिले. मग उतरताना सगळी भिस्त मांडीच्या पुढच्या स्नायूवर पडते. मागचं हॅमस्ट्रिंग आणि नितंबाचे स्नायू पुरेशी साथ देत नाहीत, गुडघा कमी वाकतो आणि आत पडतो. हाडांची ठेवण, हार्मोन यांचाही वाटा सांगितला जातो. असेलही, पण तिथे कोचच्या हातात काही नाही. माझं मत विचाराल तर एक साधं कारण आणखी आहे: मुलगे चौदाव्या वर्षी हौसेने वजनं उचलायला लागतात, मुलींना मात्र आपण फक्त "पळा" सांगतो.

शिकवून फरक पडतो का? पडतो, आणि त्याला पुरावाही भक्कम आहे. नॉर्वेमध्ये 2007 च्या हंगामात 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या 125 क्लबांमध्ये 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्मअप तपासून पाहिला. तो करणाऱ्या मुलींच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी भरल्या. स्वीडनमध्ये 12 ते 17 वर्षांच्या 4564 मुलींवर झालेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे निम्म्या क्लबांना आठवड्यातून दोनदा 15 मिनिटांचे व्यायाम दिले होते. नेहमीसारखा सराव करणाऱ्या गटात 14 एसीएल तुटली. व्यायाम करणाऱ्या गटात मुली जास्त असूनही 7. जोखीम 64 टक्क्यांनी कमी. आणि ज्यांनी नेमाने केलं त्यांना फायदा त्याहून जास्त झाला. यासाठी महागडं यंत्र नाही की जिम नाही, हे मुद्दाम सांगते.

पहिली पायरी: फोनवर उतरणं बघा

साधारण 30 सेंटिमीटर उंचीचा, न हलणारा ठोकळा घ्या. समोर दोन-तीन मीटरवर फोन गुडघ्याच्या उंचीला ठेवा आणि स्लो मोशन लावा. मुलीने ठोकळ्यावरून उडी मारायची नाही, नुसतं पुढे पडायचं. दोन्ही पायांवर उतरायचं आणि त्याच झटक्यात जितकं उंच जमेल तितकं वर उडायचं. असं तीनदा समोरून, तीनदा बाजूने. नंतर प्रत्येक पायावर पाच एकपायी स्क्वॉट (उठबशा).

समोरून बघताना पाहायचं ते एवढंच: टेकल्याच्या क्षणी आणि सर्वांत खाली गेल्यावर गुडघे कुठे आहेत? पावलांच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, की एकमेकांना भेटायला निघालेत? दोन्ही पाय एकाच वेळी टेकले की एक आधी? बाजूने बघताना गुडघा किती वाकला, खुबा मागे गेला की मुलगी खांबासारखी ताठ उतरली, चवडा आधी टेकला की सपाट पाऊल. आणि डोळे मिटून आवाज ऐका. धाडकन आवाज आला तर तो भार स्नायूंनी झेललेला नाही.

मुलींना स्वतःचा व्हिडिओ दाखवा. हे मी आधी टाळत होते, वाटायचं, लाजतील. झालं उलटंच. आमच्या संघातली सर्वांत उंच उडणारी मुलगी स्वतःचे गुडघे आत घुसताना बघून म्हणाली, "अगं बाई, हा माझा पाय आहे?" त्यानंतर तिला वेगळं समजवावं लागलं नाही. चित्रण करण्याआधी पालकांना विचारा आणि काम झालं की पुसून टाका.

एक इशारा मात्र हवा. या चाचणीवरून कोणाला दुखापत होईल आणि कोणाला नाही, हे सांगता येत नाही. वाईट उतरणाऱ्या कित्येकींना कधीच काही होत नाही, सुंदर उतरणारीचा गुडघाही जाऊ शकतो. त्यामुळे 'धोक्यातल्या मुली' असा वेगळा गट पाडू नका. व्यायाम सगळ्यांना. व्हिडिओ कशासाठी, तर कोणाला काय सांगायचं ते कळावं म्हणून, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा काढून फरक बघता यावा म्हणून.

दुसरी पायरी: उतरणं

इथेच सर्वांत जास्त वेळ घाला. बाकी सगळं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल.

सुरुवात उडीने करायची नाही. आधी नुसती 'तयार स्थिती': पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, गुडघे वाकलेले, खुबा मागे (मागे स्टूल आहे आणि त्यावर बसू की नको असं चाललंय, असा), छाती वर, नजर समोर. खाली पाहिलं तर गुडघ्याच्या पुढे पायाची दुसरी बोटं दिसली पाहिजेत. या स्थितीत असताना खांद्याला हलकं ढकलून बघा. मुलगी डगमगली तर अजून स्थिती सापडलेली नाही.

मग जागच्या जागी दोन पायांवर छोट्या उड्या. प्रत्येक उडीनंतर दोन-तीन सेकंद पुतळा. हा पुतळा फार महत्त्वाचा. मुली उडी मारून झटकन सरळ उभ्या राहतात आणि चूक तशीच झाकली जाते. उतरताना आधी चवडा, मग टाच, मग गुडघा आणि खुबा एकत्र वाकतात. हे जमलं की जमिनीवरच्या रेषेवरून पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे. पुढचा टप्पा ठोकळ्यावरून उतरण्याचा, त्यानंतर हवेत पाव वळसा घेऊन उतरायचं, मग अर्धा. एका पायावरच्या उड्या यानंतरच: एका पायावर पुढे उडी, त्याच पायावर उतरून पुतळा. सर्वांत शेवटी खेळासारखी गडबड: हवेत असताना जोडीदारणीने खांद्याला हलका धक्का द्यायचा, किंवा उतरता उतरता चेंडू झेलायचा. चेंडू आला की मुली गुडघा विसरतात. विसरूनही गुडघा जागेवर राहिला, तर ते खरं शिकणं.

वरच्या टप्प्यावर कधी न्यायचं? माझा नियम सोपा आहे: सलग तीन उतरणी आवाजाशिवाय आणि गुडघा आत न जाता झाल्या, तर पुढे. एकही चुकली, तर आहे तिथेच. वयाने मोठी, संघाची कॅप्टन, जिल्ह्याची खेळाडू यातलं काहीही असो, नियम तोच. सुरुवातीच्या आठवड्यांत एका सरावात 40-50 उतरण्या पुरेत. थकलेल्या पायांनी काढलेल्या शंभर उड्या म्हणजे चुकीच्या सवयीची शंभर आवर्तनं.

आता सांगण्याबद्दल, कारण इथे मी पुष्कळ चुकले आहे. "गुडघा आत नेऊ नकोस, गुडघा आत नेऊ नकोस" असं मी सतत ओरडायचे. मुली गुडघ्याकडे बघायच्या, ताठ व्हायच्या आणि आणखी वाईट उतरायच्या. काही जणी गुडघे इतके बाहेर फेकायच्या की पाऊल कडेवर यायचं. शरीराच्या भागाऐवजी बाहेरच्या कशावर तरी लक्ष दिलं की हालचाल जास्त सहज बसते. म्हणून आता मी सांगते: "आवाज न करता उतर, मांजरीसारखी." किंवा "गुडघ्यावर टॉर्च बांधलाय, त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर सरळ पडू दे." टॉर्चची युक्ती बारा वर्षांच्या मुलीलाही लगेच कळते. एका वेळी एकच सूचना. दुसरी सुचली तर पुढच्या फेरीसाठी ठेवा. आणि चांगली उतरण झाली की लगेच म्हणा, "हीच, हीच." मुलीला चूक कशी वाटते ते माहीत असतं, बरोबर कशी वाटते ते नसतं.

तिसरी पायरी: थांबणं आणि वळणं

वेगात पळत असताना कट मारणं, म्हणजे झटक्यात दिशा बदलणं, हे गुडघ्यासाठी उडीइतकंच अवघड. चूक बहुतेक वेळा एकच असते: एक लांब ढांग, पाऊल शरीरापासून दूर रोवलेलं, पाय ताठ. शिकवायचं ते याच्या उलट. थांबताना एका ढांगेऐवजी तीन-चार छोटी, पटपट पावलं. प्रत्येक पावलागणिक खुबा थोडा खाली. वळताना पाऊल शरीराच्या जवळ, गुडघा वाकलेला, आणि छातीचं तोंड जिकडे जायचं तिकडे वळायला लागलेलं. धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे, असं झालं की गुडघा मधे पिळला जातो.

आधी 5-6 मीटर पळून थांबणं, मग 45 अंशात वळणं, मग काटकोन, मग पूर्ण मागे फिरणं. वेग निम्मा ठेवून सुरू करा. ठरलेल्या शंकूपाशी वळणं जमलं की ठरलेपण काढून टाका: मी समोर उभी राहते आणि शेवटच्या क्षणी हात डावीकडे किंवा उजवीकडे करते. ठरवून घेतलेल्या वळणापेक्षा अचानक घेतलेल्या वळणात गुडघ्यावर जास्त भार येतो, आणि सामन्यात वळणं अचानकच येतात.

चौथी पायरी: ताकद, विशेषतः मागची

गुडघा सरळ असताना मांडीचा पुढचा स्नायू आखडला की नडगी पुढे ओढली जाते आणि एसीएलवर ताण येतो. हॅमस्ट्रिंग तीच नडगी मागे ओढून धरतं, म्हणजे लिगामेंटचा भार वाटून घेतं. नितंबाचे बाजूचे स्नायू मांडीला आत फिरू देत नाहीत. पोट-पाठ घट्ट असेल तर धड कलत नाही. गुडघा आत पडतो तेव्हा चूक गुडघ्याची क्वचितच असते. वरून खुबा किंवा खालून घोटा त्याला ढकलत असतो आणि मधल्या मधे तो मार खातो.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिकची सर दुसऱ्या व्यायामाला नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, खाली मऊ काहीतरी. जोडीदारणीने मागून घोटे जमिनीवर घट्ट दाबून धरायचे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत फळीसारखं सरळ राहून सावकाश पुढे झुकत जायचं, जितकं धरून ठेवता येईल तितकं. सुटलं की हातांवर झेलायचं. कंबरेत वाकणं ही सगळ्यांची पळवाट, तेवढी पकडा. पहिल्या आठवड्यात 3 ते 5 आवर्तनं, यापुढे नाही. दोन-तीन दिवस मांडीची मागची बाजू दुखेल, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर संध्याकाळी पालकांचे फोन येतात. काही आठवड्यांत 7-10 वर आणि पुढे 12-15 वर जाता येतं.

बाकीचे व्यायाम थोडक्यात. स्क्वॉट आधी दोन पायांचे, मग एका पायाचे. चालत चालत लंज, म्हणजे लांब पाऊल टाकून खाली वाकणं, पुढचा गुडघा बोटाच्या रेषेत. पाठीवर झोपून कंबर वर उचलण्याचा ब्रिज, तोही दोन पायांवरून एकावर. कोपरावर शरीर फळीसारखं सरळ धरण्याचा प्लँक, समोरचा आणि बाजूचा, 20 ते 30 सेकंदांच्या तीन फेऱ्या. गुडघ्यांच्या वर रबर बँड अडकवून बाजूला चालणं. एका पायावर चवड्यावर उठणं. तोलासाठी एका पायावर 30 सेकंद उभं राहायचं, गुडघा किंचित वाकवून. सोपं वाटलं की दोघींनी समोरासमोर एकेका पायावर उभं राहून चेंडू फेकायचा, नंतर एकमेकींना हलकं ढकलायचं. यात त्या खूप हसतात, आणि हसताहसता तोल सांभाळणं हाही सरावच.

"मुलींनी वजन उचललं तर उंची खुंटते" हे मला अजून ऐकावं लागतं. खुंटत नाही. तंत्र बरोबर, सोबत जाणकार माणूस आणि वजन हळूहळू वाढवलेलं असेल, तर वाढत्या वयातही ताकदीचा सराव सुरक्षित असतो. आधी स्वतःच्या वजनावर आठ-दहा आठवडे, मग डंबेल.

सगळं पंधरा-वीस मिनिटांत कसं बसवायचं

वेगळा तास काढू नका, टिकत नाही. मी काढून पाहिला. तिसऱ्या आठवड्यात निम्म्या मुली गायब. जो वॉर्मअप एरवी होतोच, त्याच्या जागी हे बसवा:

पहिली 5 मिनिटं हलकं पळणं: सरळ, बाजूने, मागे, गुडघे उचलून, खुबा बाहेर-आत फिरवत.
पुढची 5-6 मिनिटं ताकद: नॉर्डिक, लंज किंवा एकपायी स्क्वॉट, ब्रिज, प्लँक. एका दिवशी तीन पुरेत.
मग 5 मिनिटं उतरणं आणि तोल, ज्या टप्प्यावर असेल तो.
शेवटी 2-3 मिनिटं वेगात पळणं, थांबणं, वळणं. तिथून थेट सरावात.

आठवड्यातून किमान दोनदा, जमलं तर तीनदा. हंगाम सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी चालू करायचं आणि हंगामभर सोडायचं नाही. स्पर्धा जवळ आल्या की सर्वांत आधी हाच वॉर्मअप कापला जातो, मीही कापला आहे. सामन्याच्या दिवशी ताकदीचा भाग गाळा, बाकी ठेवा. भिंतीवर एक तक्ता लावा, तारखा आणि हजेरी. दोघींच्या जोड्या करा आणि एकीने दुसरीचा गुडघा बघायचा; पंचवीस मुलींचे पन्नास गुडघे एका कोचला दिसत नाहीत, आणि दुसरीची चूक पकडायला शिकलेली मुलगी स्वतःची लवकर सुधारते. स्ट्रेचिंग हवं तर शेवटी करा, पण नुसत्या स्ट्रेचिंगने किंवा नी-कॅप घालून एसीएल वाचतं, या भरवशावर राहू नका.

भार, वाढ आणि पाळी

महिन्यातून एकदा उंची मोजा, एकाच भिंतीवर, एकाच वेळी. ती झपाट्याने वाढताना दिसली तर त्या दोन-तीन महिन्यांत उड्यांची संख्या कमी करा आणि उतरणं पुन्हा पहिल्या टप्प्यापासून घ्या. काल जमणारी गोष्ट आज जमेनाशी होते, कारण पाय खरंच कालच्याहून लांब झालेले असतात. अशा मुलीला "आळशी झालीस" म्हणणं हा अन्याय आहे.

आठवड्याचे खेळाचे एकूण तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत: तेरा वर्षांची असेल तर 13 तासांच्या आत, आणि यात शाळा, क्लब, खासगी कोचिंग सगळं धरायचं. ही बेरीज बहुतेक वेळा कोणीच केलेली नसते, कारण प्रत्येक कोचला फक्त स्वतःचे तास माहीत असतात. पालकांनो, ती तुम्ही करा. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. एकच खेळ वर्षात आठ महिन्यांहून जास्त नको; उरलेले महिने दुसरं काहीही खेळू दे. रात्री 8 ते 10 तास झोप.

पाळीबद्दल मोकळेपणाने बोला. पाळीच्या दिवसांत सराव बंद करायला हवा असं काही नाही. त्रास होत असेल तर कमी करा, इतकंच. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर: पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरावं वर्ष झालं तरी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडंही कमजोर होतात. "खेळाडूची पाळी थांबतेच" हे चुकीचं आहे. आणि मुलींच्या वजनावरून टोमणे मारणाऱ्या कोचला मैदानावर जागा असू नये.

दुखतंय म्हणाली तर

सगळीच दुखणी एसीएलची नसतात. गुडघ्याच्या वाटीच्या आजूबाजूला दुखतं, जिना उतरताना किंवा फार वेळ बसल्यावर वाढतं, हे वाटीमागचं दुखणं मुलींमध्ये फार आढळतं. वाटीच्या खाली, नडगीच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं, ते वाढत्या हाडावर पडणाऱ्या ओढीमुळे. दोन्हींत उड्या आणि पळणं कमी करून खुबा-मांडीची ताकद वाढवणं हा मुख्य उपाय, आणि फिजिओला दाखवणं बरं. खेळताना दुखणं वाढत जात असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी उरत असेल किंवा मुलगी लंगडत असेल, तर त्या दिवशी खेळ नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा ताप, तर थेट डॉक्टर.

'टप्प' आवाज, काही तासांत आलेली सूज, गुडघा निसटल्यासारखा वाटणं: यातलं काहीही झालं तर खेळ तिथेच थांबवा. पाच मिनिटांनी दुखायचं थांबतं आणि मुलगी म्हणते, "ताई, मी खेळते ना." नाही. फाटलेल्या एसीएलवर पुन्हा खेळलं की आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटू शकते. गुडघा आधाराने बांधा, पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे. तो दिवस आणि दुसरा दिवस मालीश, शेक नको. कोणी ओढून 'बसवून' देतो म्हणालं तर हातही लावू देऊ नका.

परत येताना

ऑपरेशन झालं असो वा नसो, घाई इथेच महाग पडते. पंचविशीच्या आत पुन्हा अशा खेळात उतरलेल्यांपैकी साधारण चारांतल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या पायाचं. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. नऊ महिने ही कमीत कमी मुदत, परवानगी नव्हे. त्याबरोबर दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान 90 टक्के, एकपायी उडीचं अंतर तेवढंच, आणि उतरण स्वच्छ. यातही एक खोच आहे: इतके महिने न खेळल्याने चांगला पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे 90 टक्के भरणं सोपं होतं. दुखापतीआधीचे आकडे लिहून ठेवलेले असतील तर त्यांच्याशी ताडा. पहिल्या पायरीतले व्हिडिओ पुसण्याआधी टिपणं काढून ठेवायची ती यासाठीही.

ती मुलगी अकराव्या महिन्यात परत आली. डॉक्टर, फिजिओ, आई-वडील सगळ्यांचा होकार होता, आणि तिने बूट बांधतानाच चेंडू मागितला. मी ठोकळा पुढे सरकवला. पहिल्या चार उतरण्या दोन्ही पायांवर होत्या, पण बाजूने बघितलं तर वजन सगळं जुन्या चांगल्या पायावर टाकत होती. भीती आकड्यांत दिसत नाही, अशी दिसते. तीन आठवडे ती वॉर्मअप आणि रिंगमध्ये चेंडू टाकणं, एवढंच करायची, जोडीदारीण शेजारी बसून तिचे गुडघे बघायची. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिच्या जोडीदारणीने मला हाक मारली, "ताई, इकडे या, ऐका." मी जवळ जाऊन उभी राहिले. ती ठोकळ्यावरून उतरली, आणि ऐकायला काहीच आलं नाही.